सुनेची नोकरी आणि आम्ही सहा जणी

ज्या घरात कुणी नोकरी शोधत असतं ना, त्या घरात किस्से खरकट्या भांड्यांसारखे साचतात. सकाळी घासून ठेवा, संध्याकाळी पुन्हा ढीग!

माझी सून लिन व्हिएतनामची. माझा सिद्धार्थ तिकडं कंपनीच्या कामाला गेला आणि येताना हिला घेऊन आला. ती पहिल्यांदा विहारात आली, बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसली, तेव्हाच बायका म्हणाल्या, "आपलीच हाय गं!"

शिक्षण फूड टेक्नॉलॉजीचं, हनोईच्या फॅक्टरीत आठ वर्षं काम. आणि इथं मात्र घरी बसून! नोकरी करायची सरकारी परवानगी आली, पण नोकरी येईना. तिच्या जुन्या कंपनीनं परत बोलावलं होतं, मेपर्यंत जागा राखून ठेवली होती. तोवर इथं जमलं नाही तर ती, सिद्धार्थ आणि माझी चार वर्षांची नात, तिघंही तिकडं. हर्सूलच्या तीन खोल्यांत मी एकटी. खरं सांगते, मला या विचारानं जेवण जाईना.

मग आमच्या गल्लीतल्या सहा जणींनी कंबर कसली.

*

सगळ्यात आधी कमलबाई. त्यांनी आत्तापर्यंत अकरा लग्नं जमवलीत, त्यामुळं बायोडाटा म्हटलं की त्यांच्यापुढं कुणी बोलायचं नाही. त्यांनी स्वतः टायपिंगच्या दुकानात बसून लिनचा बायोडाटा काढला आणि सिद्धार्थला न दाखवता चार कंपन्यांना पाठवला.

'उंची पाच फूट एक. वर्ण गोरा. स्वभाव मनमिळाऊ. स्वयंपाकाची आवड. मामा हनोईत, स्वतःचं घर. अपेक्षा: कंपनी निर्व्यसनी व एकत्र कुटुंबातली असावी.'

तीन कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. चौथीचा फोन आला, "बाई, स्थळ लई चांगलंय, पण आमच्याकडं सध्या मुलगा नाय!"

*

शेजारच्या नफिसाभाभी म्हणाल्या, "ऐसे नहीं होता. पैचान लगती." त्यांच्या भावाचं शहागंजात दुकान. त्या भावाच्या ओळखीचा एक ड्रायव्हर, आणि तो ड्रायव्हर म्हणे एका मोठ्या कंपनीच्या मॅनेजरची गाडी चालवायचा. झालं! भाभींनी त्याला बिर्याणीला बोलावलं. एकदा नाही, तीन शुक्रवार!

चौथ्या शुक्रवारी तो जेवत असताना सिद्धार्थनं त्याला सहज विचारलं, तर कळलं की त्या मॅनेजरची बदली होऊन वर्ष झालंय. आता तो माणूस शाळेची बस चालवतो. भाभींचा पारा असा चढला! तो हात पुसत शांतपणे म्हणाला, "आपा, मैंने कब बोला नौकरी लगाता? आपने बोला खाओ, मैंने खाया."

*

मार्चमध्ये पहिला इंटरव्ह्यू आला. परदेशातली पोर, एकटी कशी पाठवायची? आम्ही सहाही जणी दोन रिक्षांत बसून गेलो. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "इंटरव्ह्यू कुणाचा?"

कमलबाई म्हणाल्या, "आमचा."

लिन आत गेली. आम्ही रिसेप्शनच्या सोफ्यावर. दुपार झाली, भूक लागली, डबे उघडले. रिसेप्शनच्या मुलीला भाकरी दिली, वॉचमनला दिली, वास आला म्हणून अकाउंटवाले दोघं आले, त्यांनाही दिली. कमलबाईंची शेंगदाण्याची चटणी म्हणजे काय, विचारूच नका!

आठवड्यानं फोन आला. लिनला नाही म्हणाले. कमलबाईंना मात्र कँटीनसाठी बोलावलं!

*

दुसरा इंटरव्ह्यू पुण्याहून, व्हिडिओ कॉलवर. आदल्या दिवशी लिननं मला विचारलं, "आई, पाच वर्षांनी मी कुठं असणार, असं विचारतात. काय सांगू?"

मी म्हटलं, "खरं सांग. इथंच, माझ्या डोळ्यांसमोर."

तिनं तसंच सांगितलं. "पाच वर्षांनी मी सासूच्या डोळ्यांसमोर असणार."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, ही इच्छा आहे की धमकी?"

मग विचारलं, मराठी येतं का? आता हिचं मराठी आमच्याच गल्लीतलं. म्हणाली, "व्हय, लई येतं. तुमाला नाय येत का?"

तीही नोकरी गेली.

*

मे उजाडला. आता एकच जागा उरली होती. शेंद्र्याकडची मसाले आणि लोणची करणारी फॅक्टरी, काम माल तपासायचं. फॉर्मवर ओळखीच्या दोन माणसांचे नंबर मागितले होते. एक तिच्या हनोईच्या साहेबांचा, पण त्यांचं बोलणं इथं कुणाला कळणार? दुसरा तिनं माझा लिहिला, आणि मला सांगायला विसरली.

फोन नेमका माझं आणि लिनचं वाजलं त्याच दिवशी आला.

"मॅडम, फॅक्टरीतून बोलतोय. लिन यांची जरा चौकशी करायची होती. आपण त्यांच्या कोण?"

"सासू."

मी लगेच सांगितलं, "हुशार आहे, कष्टाळू आहे, गुणाची पोर आहे."

"आणि काही कमी?"

आता तुम्हीच सांगा, सासूला असं कुणी विचारतं का? पाच वर्षांत एकानं विचारलं नव्हतं!

"कमी? अहो, डब्याडब्यावर तारखा चिकटवते! डाळीत एक खडा निघाला की अख्खा डबा ताटात ओतून निवडत बसते. भाजीवाल्याला म्हणते, आधी हात धू! आणि आज सकाळी तर कहर! माझ्या हातचं कैरीचं लोणचं, वर एवढीशी बुरशी, नखाएवढी! मी म्हटलं, वरचं काढून टाकू. नाय! अख्खी बरणी ओतून दिली. मी रडले हो, तरी नाय! सासूचंसुद्धा ऐकत नाय, अजून काय सांगू?"

बोलून झालं आणि मग माझ्या ध्यानात आलं. हे मी काय केलं? माझ्याच तोंडानं सुनेची नोकरी घालवली! आता पोर जाणार, नात जाणार.

"साहेब," मी रडवेली होऊन म्हटलं, "बरणी तशी लहानच होती हो..."

पलीकडून आवाज आला, "आई, त्यांना सोमवारपासून जमेल का?"