दहा बोटांची हजेरी

शशिकांत खानविलकर बावीस वर्षं हजेरी लावत होता. भाईंदर पूर्वेच्या त्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तो टाइमकीपर. मस्टरवर त्याने नावापुढे टिंब दिलं की माणूस हजर, आणि त्या टिंबावर कधी कोणी शंका घेतली नाही.

२००७ साली शेठ विपुलभाईंनी भिंतीवर बोट ओळखणारं मशीन बसवलं आणि मस्टर कपाटात गेलं. "मशीन खोटं नाय बोलत, शशीभाऊ," शेठ म्हणाले. शशिकांतला ते लागलंच. म्हणजे बावीस वर्षं तो काय खोटं बोलत होता?

पण मशीनने पहिल्याच दिवशी माती खाल्ली. पॉलिशच्या चाकावर वर्षानुवर्षं भांडी धरणाऱ्या नऊ जणांच्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. काशीगावचा पुंडलिक दहाही बोटं काचेवर टेकवून थकला. मशीनमधली बाई इंग्रजीत 'ट्राय अगेन' म्हणत राहिली.

"माजी बोटा हायेत का न्हाय?" पुंडलिक हसून म्हणाला.

तेव्हा शशिकांतनेच तोडगा काढला आणि स्वतःवर खूशही झाला. त्या नऊ जणांच्या नावांवर त्याने आपली नऊ बोटं नोंदवली. पुंडलिक म्हणजे उजवा अंगठा. स्वतःला त्याने डावी करंगळी ठेवली. माणूस आलेला डोळ्यांनी पाहायचा आणि मगच त्याचं बोट टेकवायचं. त्याच्या मते ते जुनं टिंबच होतं. शेठना सगळं ठाऊक होतं, तरी ते काहीच बोलले नाहीत. खरं तर तिथेच शशिकांतने घाबरायला हवं होतं, पण भली माणसं या बाबतीत अगदीच भोळसट असतात.

दीड वर्षाने, एका बुधवारी दुपारी तीन वाजता, पुंडलिकचा हात चाकात गेला. चाकावरची जाळी महिनाभर तुटलेली होती. शशिकांतने दोनदा सांगितलंही होतं. त्यानेच धावत जाऊन बटण बंद केलं, आपला शर्ट काढून हाताला गुंडाळला आणि पुंडलिकला रिक्षात घातलं. हात मनगटापासून काढावा लागला. त्या धावपळीत त्या नऊ जणांची आणि त्याची स्वतःची संध्याकाळची आउटची हजेरी राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात पुंडलिकची बायको शालन उभी होती.

"भाव, उद्या सरकारी सायेब चौकशीला येनार हाय. तुमी व्हता ना तितं?"

"होतो वहिनी. जे पाहिलं ते सांगणार."

आत मशीनपाशी शेठ वाट पाहत होते. मशीनमधली तारीख आणि वेळ त्यांनी मागे नेली होती. काल, दुपारी एक वाजून दहा मिनिटं.

"पुंडलिक जेवायच्या सुट्टीत आउट झाला," शेठ शांतपणे म्हणाले. "नंतर चोरून घुसला आणि चाकाशी मस्ती केली. त्याचं बोट लावा."

"मी नाही लावणार, शेठ."

"मग साहेबांना सांगू, नऊ माणसांची खोटी हजेरी कोणाच्या बोटांनी लागते? पोलीसच बोलवायला लागतील."

कुठलं बोट कोणाचं हे फक्त शशिकांतलाच माहीत होतं, आणि त्या भरवशावर त्याला युक्ती सुचली. पुंडलिकचं बोट म्हणून त्याने स्वतःची डावी करंगळी टेकवली; शेठ स्क्रीन वाचतील असं त्याला वाटलं नव्हतं. 'थँक यू,' मशीन म्हणालं. शेठ पुढे वाकले आणि स्क्रीनवरचं नाव वाचून हसले.

"हे तर तुमचं नाव, शशीभाऊ! एक वाजून दहाला तुम्हीच घरी गेलात. मग तीन वाजता काय पाहिलंत?"

शशिकांतने करंगळी झटकन मागे घेतली.

"चांगलंच झालं. आता पुंडलिकचं लावा. मग बाकीची आठपण. काल दुपारी त्या चाकांवर कोणी नव्हतंच."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. नऊ माणसांना सांभाळायला दिलेली बोटं होती ती, आणि आता त्याला त्यांची शिसारी आली. आपल्याही बोटांवरच्या रेघा त्या चाकाने पुसून टाकल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

खिडकीतून फाटक दिसत होतं. शालन अजून तिथेच उभी होती. त्याला पाहून तिने हात जोडले.

शशिकांतने उजवा अंगठा काचेवर ठेवला. मशीनमधल्या बाईने गोड आवाजात त्याचे आभार मानले.