जाळीचं दार

भाड्याच्या घरात सामान लावायच्या आधी मी खिडक्यांच्या जाळ्या बघते. लोक पाण्याचा दाब बघतात, शेजार बघतात, वास्तुशास्त्र बघतात. मी प्रत्येक जाळीला तळहात लावून हलकेच दाबते. बहुतेक घरांत ती एखाद्या कोपऱ्यातून सुटलेली असते, नाहीतर उंदराने कुरतडलेली. आमच्या ह्यांच्या बदल्यांमुळे इंदापुरात तीन घरं झाली, बारामतीतलं हे दुसरं. पाचही घरांच्या जाळ्या मी माझ्या हाताने बदलल्या. घर सोडताना त्या तिथेच ठेवून यावं लागतं. एकाही मालकाने त्याबद्दल कधी चांगला शब्द काढला नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

मला हे काम जमतं, कारण मी घरी ब्लाउज शिवते. जाळी म्हणजे शेवटी उभ्या-आडव्या धाग्यांचं कापडच. ती फ्रेमवर सरळ पसरायची आणि कडेच्या खाचेत रबराची दोरी छोट्या चाकाने दाबत न्यायची. दोरी बसत जाते तशी जाळी आपोआप ताणली जाते. पहिल्या घरात मला हे ठाऊक नव्हतं. मी शहाणपणा करून ती आधीच जीव खाऊन ताणली, तर अॅल्युमिनियमची फ्रेमच कमरेत आत ओढली गेली. ती खिडकीत बसेना. आमचे हे आठवडाभर येईल त्या पाहुण्याला ती फ्रेम दाखवत होते.

या घरात आलो आणि आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते गावी, कऱ्हाटीला, एकटेच राहतात. त्यांचा एक डोळा आधीच गेलेला होता. त्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा आम्ही इंदापुरात होतो. चौथ्या दिवशी आबांनी गावी जायचा हट्ट धरला आणि गेले. गेले ते थेट गोठ्यात. शेण, धूळ, चिलटं, आणि डोळ्याला लागणारा हात. डोळ्यात पू झाला आणि नजर गेली ती गेलीच. आता दुसऱ्याची पाळी होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा एकच राहिलाय. महिनाभर धूळ नको, माशी नको, हात नको. नजर किती येते ते महिन्यानंतरच कळेल."

माशी नको म्हणे! आमचं घर तळमजल्यावर. उजव्या हाताला रसवंती, तिच्या मागे उसाच्या चिपाडांचा ढीग, आणि त्याच्यापलीकडे म्हशींचा गोठा. मी दोन दिवसांत चारही खिडक्यांच्या जाळ्या नव्या घातल्या. राहिलं पुढचं दार. ते बंद ठेवलं की झालं, असं मला वाटलं. पण आबा पट्टी बांधलेल्या डोळ्याने घरात शिरले, खुर्चीत बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "दार कशाला लावलंय? दिवसाढवळ्या दार लावून बसायला आपून काय चोरी केलीया व्हय?"

त्यांच्या गावी दार उजाडल्यावर उघडतं ते दिवेलागणीनंतरच लागतं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग मी जाळीचंच दार करायचं ठरवलं. दार उघडं ते उघडं, आणि माशी बाहेर. फ्रेम करून आणली, पण मालकीणबाई म्हणाल्या, चौकटीला एकही नवं भोक पडलेलं चालणार नाही. मी चौकट निरखून बघितली. आधीच्या भाडेकरूने रांगतं मूल बाहेर जाऊ नये म्हणून फळी ठोकली होती, तिची भोकं तशीच होती. सैल झाली होती एवढंच. त्यांत काडेपेटीच्या काड्या गोंद लावून ठोकल्या आणि त्याच भोकांत बिजागऱ्या बसवल्या. आतून एक कडी लावली. मालकीणबाईंना बोट ठेवायला जागा मिळाली नाही. मी खूश होते.

दोन दिवसांनी पट्टी निघाली आणि काळा चष्मा लागला. आबांना सगळं धुरकट दिसत होतं. ते जाळीकडे तोंड करून बसून राहत. त्या आठवड्यातल्या एका दुपारी मी मशीनवरून उठले, तर दाराच्या बाहेरच्या मुठीला पेरूंची पिशवी अडकवलेली. आबा खुर्चीत पेंगत होते. कुणी ठेवली काही कळेना. संध्याकाळी त्यांच्या चुलतभावाचा फोन आला तेव्हा कळलं. भावकीतली चार माणसं बाजाराला आली होती, ती आबांना बघायला येऊन गेली. बाहेरच्या उन्हातून जाळीच्या आतलं काही दिसत नाही. लागलेलं दार वाजवायची आमच्याकडच्या जुन्या माणसांना सवय नाही. दार लागलेलं आहे म्हणजे घरच्यांना कुणी यायला नको आहे, असं समजून ती पायरीवरूनच परत फिरली. आणि गावात जाऊन सांगितलं, की सुनेनं म्हाताऱ्याला पोल्ट्रीतल्या कोंबडीसारखं जाळीत कोंडलंय.

आबांनी फोन ठेवला. उठले, भिंतीला हात लावत खोलीत गेले आणि पिशवीत धोतर कोंबायला लागले. "सकाळच्या गाडीनं मी चाललो," ते म्हणाले. "माज्या दारावनं मानूस माघारी गेलं. आजवर कवा झालं न्हाय."

आमच्या ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. एवढीच त्यांची मदत. माझा पारा चढला होता. चार दिवस हात सोलून घेऊन जाळ्या घातल्या, दार केलं, आणि वर मीच कोंडणारी! मी तोंड उघडलं ते भांडायलाच. पण त्या पिशवीकडे नजर गेली, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"आबा, मागल्या बारीला तुमी असंच निघाला हुता. मी एका शब्दानं अडवलं न्हाय. मला बरं वाटलं हुतं. दिवाळीची शिलाई पडली हुती, म्हटलं, सुटले एकदाची. डोळा गेल्याचं कळलं तवापासनं मला ते खातंय. ह्या बारीला मी जाऊ देणार न्हाय. गाव मला काय म्हणायचं ते म्हणू द्या."

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आबा पिशवी धरून उभे होते. त्या काळ्या चष्म्यामुळे चेहऱ्यावर काय आहे ते कळत नव्हतं.

"मला वाटायचं, माज्या हट्टापायी गेला," ते म्हणाले. "म्हंजी दोघांनी मिळून घालवला म्हणायचा."

त्यांनी धोतर बाहेर काढून खाटेवर टाकलं. मग म्हणाले, "पर त्या दाराची कडी काढ. आन् त्या भावकीतल्या भाड्यांना फोन लावून दे, मी बोलतो."

मी तेव्हाच स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कडी काढली. दार आपोआप मिटावं म्हणून दुसऱ्या दिवशी स्प्रिंग बसवली. फोनवर आबांनी भावकीला धारेवर धरलं. "आरं, ती जाळी हाय, दार न्हाय! ढकलायचं अन् आत यायचं!" त्या दिवसापासून त्यांनी खुर्ची जाळीच्या अगदी जवळ ओढली. पाऊल वाजलं की ते ओरडत, "कोन हाय? ढकला अन् या!" दूधवाला आत आला, कुरियरवाला आत आला. मालकीणबाई स्प्रिंगच्या आवाजाची तक्रार घेऊन आल्या, त्यांनाही आत बसून चहा प्यावा लागला. भावकीतली चार माणसं पुन्हा आली आणि माझ्याकडे न बघता पोहे खाऊन गेली. गावात जाऊन आता तरी गोड बोलतील म्हणून मी पोह्यांत साखर जरा जास्तच घातली होती.

महिना झाला आणि आम्ही तपासणीला गेलो. डॉक्टर एकेक ओळ दाखवत होते आणि आबा शाळेतल्यासारखे मोठ्याने वाचत होते. वरची ओळ वाचली, मधली वाचली. मी मनातल्या मनात म्हणत होते, आता अडखळतील, आता अडखळतील. ते खालपर्यंत गेले. "डोळा छान आहे," डॉक्टर म्हणाले. "चष्मा काढा आता." मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. शेजारच्या बाईंना वाटलं माझं काही वाईट झालंय. त्यांनी मला पाणी दिलं. मी त्यांना सांगू शकले नाही, की इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर आबा नेहमीच्या जागी बसले. काळा चष्मा नव्हता. थोडा वेळ गेला आणि त्यांनी हाक मारली.

"पोरी, हितं ये. त्या खालच्या कोपऱ्यात बघ. दोन धागं सुटल्यात. मव्हरीचा दाना जाईल एवढं भोक पडलंय."

मी वाकले. मला काहीच दिसेना. मशीनवरचा माझा चष्मा आणून लावला, जाळीला नाक टेकवलं, तेव्हा कुठे दिसलं. खरंच दोन धागे सुटले होते.

"चिलाट शिरंल त्यातनं," आबा म्हणाले.

चाक आणि रबर आतच ठेवलं होतं, दोन मिनिटांचं काम होतं. ते मी केलं नाही. स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आनखी काय काय दिसतंय, सांगा."