खाऱ्या पाण्यावरचे आठ दिवस

दर हिवाळ्यात आम्ही तिघं आठ दिवस कोकणात समुद्रावर मासे धरायला जायचो. येताना पिशव्या बहुतेक रिकाम्याच. तरी दौंडच्या फलाटावर ओळखीची माणसं घेरायची. ‘मासे दाखवा’ कुणी म्हणायचं नाही. ‘यंदा काय झालं?’ एवढंच! सांगून सांगून सत्तरनंतरची ती सगळी वर्षं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळलीत. तेव्हा सन विचारू नका.

तिघं म्हणजे इंजिन ड्रायव्हर फ्रान्सिस साहेब, वडगाव रासाईचे शेतकरी आबा, आणि लोको शेडमधला क्लार्क मी.

*

साहेबांची तऱ्हा निराळी. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. कोंबड्याची पिसं बांधून खोटी माशी करायची, लांब दांडीनं दोरी डोक्यावरून मागंपुढं झुलवायची आणि माशी अलगद पाण्यावर सोडायची. ‘फ्लाय’ म्हणायचे ते तिला.

एका रविवारी वडगावला भीमेच्या काठी त्यांचं हे चाललं होतं. दोरी मागं गेली ती परत येईना. मी वळून बघतो तर वाटेनं चाललेल्या एका म्हाताऱ्याच्या पटक्यात गळ रुतलेला!

“हिलना मत!” साहेब ओरडले.

म्हातारा हलला नाही. म्हणाला, “सायेब, मासा पाण्यात असतोय. माझ्या डोस्क्यात न्हाई.”

हेच आबा. गळ सुटेपर्यंत दोस्ती झाली.

*

पहिल्या वर्षी रजेच्या अर्जात मी कारण खरं लिहिलं: मासे धरणे.

फोरमननी चष्म्यावरून बघितलं. “वरवंडच्या बाजारात मासे मिळत नाहीत?”

“मिळतात, सर. पण ते पळत नाहीत.”

रजा मंजूर!

*

कोकणात साहेबांच्या कुणा ओळखीच्याचा बंगला होता. पुण्यापर्यंत रेल्वेनं जायचं, मग एसटीनं, मग होडीनं, मग पायी. मागं नारळी, पुढं वाळू, आणि सांभाळायला बाबल नावाचा स्वयंपाकी.

आबांनी समुद्र पहिल्यांदा बघितला तो तिथं. दुष्काळ नुकताच सरला होता. ते सरळ पाण्यात गेले, ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकले.

“येवढं पाणी, आन् एका वाफ्याच्या कामाचं न्हाई!”

त्या दिवशी ते समुद्राकडं पाठ करून जेवले.

*

साहेबांचा हुकूम होता: आपण धरलेलाच मासा खायचा. चार दिवस डाळभात झाला. पाचव्या दिवशी बाबलनं तळलेला बांगडा वाढला.

“हा कुठला?” साहेबांनी विचारलं.

“तुमचाच. तुमच्या माशीला घाबरून पळाला तो माझ्या भावाच्या जाळ्यात शिरला!”

साहेबांनी दोन खाल्ले.

*

एकदा साहेब खडकावर उभे राहून माशी टाकण्यात गुंगले. भरती चढली. बघता बघता पाणी छातीला लागलं आणि किनारा लांब राहिला.

“पोहत या!” मी ओरडलो.

“येत नाही!”

इतकी वर्षं पाण्यात उभा राहणारा माणूस! मला तरी कुठं येत होतं? आबांनी पटका माझ्या हातात दिला, पाण्यात उडी टाकली आणि साहेबांना मानेला धरून ओढत आणलं. साहेबांनी दांडी शेवटपर्यंत सोडली नाही. सारखे सांगत होते, “दोरी सांभाळा, आबा, दोरी!”

वाळूवर पडल्या पडल्या आबा म्हणाले, “भीमेच्या पुरातनं म्हस काढली हाय म्या. पर ती गप हुती!”

*

साहेब रिटायर झाले. मुलगी ऑस्ट्रेलियात, तिनं बोलावून घेतलं होतं. जायच्या आधी आम्ही एकदा कोकणात गेलो. शेवटच्या सकाळी खाडीच्या तोंडाशी साहेबांच्या दांडीला जिताडा लागला. केवढा! दांडी कमानीसारखी वाकली. अर्धा तास झुंज चालली, मग साहेबांचे हात भरून आले.

“आबा, धरा.”

आबांनी आयुष्यात दांडी धरली नव्हती. पण त्यांनी तो मासा काठावर आणला. बाबलनं गळ काढला. वाडीतली माणसं धावत आली. “कुणी धरला?”

“आबांनी,” साहेब म्हणाले.

“काय बी काय! सायबांनी धरला. म्या नुसता वडला.”

“माझ्या हातून गेला होता तो. मासा तुमचा.”

“न्हाई, तुमचा!”

आवाज चढले. आम्ही सगळे दोघांच्या तोंडाकडं बघत राहिलो, तेवढ्यात लाट आली. ती परतली तेव्हा वाळूवर मासा नव्हता.

मग साहेब हसायला लागले, मग आबा.

वर्षभरानं माझ्या पत्त्यावर साहेबांचं पत्र आलं. तब्येत, हवा, नातवंडं. खाली एक ओळ: ‘आबांना सांग, मासा त्यांचाच होता.’

मी वडगावला गेलो. आबा उसाला पाणी देत होते. ती ओळ मी दोनदा वाचून दाखवली. त्यांनी खोऱ्यानं बारं मोडलं, पाणी दुसऱ्या सरीला लावलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

“लिव त्याला. म्हनावं, येवढ्या लांब गेलास, तरी खोटंच बोलतुयास व्हय रं?”