चिंचोक्यांचा डबा

नीलिमाची नोकरी एका ‘व्हय’पायी गेली होती.

लग्नाआधीची गोष्ट. माहेर खंडाळ्याकडचं, बारावी झालेली, आणि वाईत एका बालवाडीला बाई हवी होती. मुलाखत घ्यायला तिघं बसलेले. म्हणाले, मुलांना सांगाल तशी एक गोष्ट सांगा. नीलिमानं ओढणी सारखी केली आणि सुरुवात केली, “एक राजा व्हता.” मधल्या चष्मेवाल्या बाईंनी मान तिरकी केली. “व्हता, की होता?” नीलिमा गडबडीनं म्हणाली, “व्हय, होता.” तिघंही हसले. वाईट नाही हसले, मायेनंच हसले, वर चहासुद्धा पाजला. नोकरी मात्र दुसरीला दिली.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. नवरा सोपान एसटीत कंडक्टर. तो घरातसुद्धा बेल मारल्यासारखा बोलायचा. “चला, सरका आत, ताट येऊ द्या.” सासू बनाबाई कुंडल गावाच्या बाहेर फारशी न पडलेली. तिच्या तोंडी ‘आहे’ हा शब्द जन्मात आला नसेल.

आणि मुलगा प्रबुद्ध. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो बोलायचा. विहारासमोर कुणी बसलेलं दिसलं, की हा तिथं उभा. आजीची कोंबडी काखेत मारून सांगायचा, “आज्जे, कोंबडी लय शाणी हाय. माज्यासंगं बोलती.” बनाबाई विचारायची, “काय म्हंती रं?” “म्हंती, आंडं घालून कटाळा आला.”

माणसं हसायची. नीलिमाला त्या हसण्यात वाईचा चहा आठवायचा.

त्र्याण्णवची दिवाळी झाली तसं तिनं ठरवलं, पोराला गावच्या बालवाडीत घालायचं नाही. तिथल्या बाईच म्हणायच्या, “बसा रं खाली, आदी खाऊ, मग गाणं.” घरीच शिकवायचं आणि पुढच्या जूनमध्ये सांगलीच्या चांगल्या शाळेत बालवर्गात बसवायचं. प्रवेशाआधी तिथं मुलाची मुलाखत होती.

सोपाननं सांगलीहून पुस्तकं आणून दिली. तिनं ती भुईवर मांडली. एक अंकलिपी, एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक, आणि एका शाळेतल्या बालवर्गाच्या अभ्यासाची छापील पानं. तिनं दोन दिवस ती चाळली. पुस्तकं तिन्ही बरी होती. पण पोराच्या तोंडात जे आधीच बसलंय, त्याचं काय करायचं, हे एकातही नव्हतं. म्हणून तिनं आपलीच वही केली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे ‘असं नको’, उजवीकडे ‘असं’. हाय, आहे. न्हाई, नाही. व्हय, होय. लय, खूप. शाणी, शहाणी. कवा, केव्हा.

सकाळी भाकरी झाली, की पोत्यावर शाळा बसायची. मोजायला चिंचोके आणलेले. प्रबुद्ध आठवड्यात वीसपर्यंत मोजायला लागला, महिन्यात पन्नासपर्यंत. ‘आमी’चं ‘आम्ही’ होईना, तेव्हा तिनं त्याचा तळहात त्याच्याच तोंडासमोर धरला. “ह म्हटल्यावर इथं वारा लागला पाहिजे. लागला?” तो मान हलवायचा. “मान नको, बोल.” “लागला व्हय.”

मग तिनं पत्र्याचा डबा आणला. डावीकडचा शब्द तोंडातून आला, की डब्यात एक चिंचोका टाकायचा, त्यानंच, स्वतःच्या हातानं. टक. दिवस मावळायला डब्यात एक जरी चिंचोका असला, तर आजीकडं जायचं नाही. डावीकडचे सगळे शब्द आजीकडूनच येत होते ना.

सोपान कामावरून आला, की विचारायचा, “काय, आज किती तिकिटं फाडली?”

पहिल्या दिवशी चौतीस. नंतर वीस, पंधरा. बनाबाई अंगणात बसून ऐकायची. “आगं, प्वार हाय का रेडिवो हाय त्यो? शुद्द, शुद्द. शुद्द म्हंजी काय धुणं हाय का दगडावर आपटाय?”

“आत्या, तुम्हाला नाही कळायचं,” नीलिमा म्हणायची. स्वतः ती ओल्या फरशीवरून चालावं तसं जपून बोलायची.

संक्रांतीच्या सुमाराला प्रबुद्धला एक युक्ती सापडली. सगळी फसगत वाक्याच्या शेवटी होते, हे त्याच्या ध्यानात आलं. मग तो शेवटच सोडून द्यायला लागला. “आई, कोंबडी...” म्हणून थांबायचा. “आई, पाणी...” पुढं नुसता बघत राहायचा. शिमग्यापर्यंत पाणीही गेलं. तो माठाकडं बोट दाखवायचा.

डबा रिकामा राहू लागला. नीलिमानं वहीत लिहिलं, आज एकही नाही. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. सलग अकरा दिवस लिहिलं. नेमाप्रमाणं आजीकडं जायची मोकळीक मिळाली, तर पोरगं आजीजवळ जाऊन गप बसलं.

“पोरगं हल्ली गप असतं,” सोपान म्हणाला.

“चुकत नाही आता,” नीलिमा म्हणाली.

बनाबाई दाणे टाकता टाकता म्हणाली, “बोलतच न्हाई, तर चुकंल कसं?”

नीलिमाला तो टोमणा वाटला. तिनं वही मिटली.

मे महिन्यात सांगलीला गेले. तिघांनी धुतलेले कपडे घातलेले. शाळेच्या व्हरांड्यात टाय लावलेली पोरं तोंडपाठ कविता म्हणत होती. प्रबुद्धची पाळी आली. मुख्याध्यापिका बाई गोऱ्या, नाजूक, आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा. “ये बाळा. नाव काय आहे तुझं?”

तो बघत राहिला.

“घाबरू नकोस हं. हे कसलं चित्र आहे?”

चित्र कोंबडीचं होतं. नीलिमाचा जीव भांड्यात पडला. प्रबुद्धचे ओठ हलले. त्यानं हात उचलला, तळहात तोंडासमोर धरला आणि वाऱ्याची वाट बघत बसला. वारा आला नाही.

बाई थांबल्या. मग हलक्या आवाजात विचारलं, “याला ऐकू येतं ना?”

“येतं. बाई, याला पन्नासपर्यंत मोजता येतं. घरी याचा सगळा अभ्यास...”

“आधी डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वर्षी बघू.” बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि दाराकडं वळून शिपायाला हाक मारली, “तात्याबा, भाईर आजून किती जण हाईत वो?”

‘हाईत.’ नीलिमा दारातच थबकली. बाई हसल्या नाहीत. तात्याबाही हसला नाही. तो म्हणाला, “सात हाईत, बाई,” आणि पुढच्या पोराला आत घेतलं. सगळी शाळा चालूच राहिली.

परतीच्या गाडीत प्रबुद्ध खिडकीतून ऊस बघत होता.

मिरजेच्या डॉक्टरांनी कान तपासले, जीभ तपासली. म्हणाले, सगळं ठीक आहे, लाडानं बोलतं करा. जून गेला. आखाडात एका दुपारी नीलिमानं वही चुलीत घातली आणि अंगणात आली. चिंचोके वाळत घातलेल्या सुपाशेजारी प्रबुद्ध बसला होता, मांडीवर डबा. उंबऱ्यात बनाबाई. पायाशी कोंबडी दाणे टिपत होती.

नीलिमा त्याच्यासमोर उकिडवी बसली. किती वर्षांनी तिनं जीभ सैल सोडली. “बाळा, कोंबडी लय शाणी हाय, व्हय रं?”

बनाबाईनं मान वर केली.

प्रबुद्धनं आईच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग सुपातून एकेक चिंचोका उचलून डब्यात टाकला. टक. टक. टक. टक. आणि डबा तिच्यापुढं सरकवला.

चार. मोजणीत चूक नव्हती.