काकांचं खिशातलं कुलूप

लिफ्टवाल्या काकांनी परीक्षेत सुरुवातीलाच माती खाल्ली. मेन स्विच बंद केला, पण त्यावर कुलूप न लावताच ते लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरले. वर कोणी चुकून स्विच चालू केला असता, तर लिफ्ट थेट डोक्यावर.

सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. पण नव्या कायद्याने परवाना टिकवायचा, तर पुन्हा शिकून परीक्षा देणं भाग होतं. परीक्षा घेणारी मुलगी काकांच्याच हाताखाली तयार झालेली, म्हणून काका निवांत होते.

"काका, वर या. नापास."

"अगं, कुलूप खिशातच आहे की!"

"मग खिसा सुरक्षित आहे, तुम्ही नाही."

"इतक्या वर्षांत मला काही झालंय का?"

"तुमचं बघूनच मीही कुलूप न लावता उतरायचे, काका. नशीब म्हणून वाचले."

काका खड्ड्यातून वर आले. ते पुन्हा वर्गात जाऊन बसले आणि पुढच्या खेपेला पासही झाले.

"त्या पोरीला 'चुकलं माझं' म्हणालात का?" काकूंनी विचारलं.

"म्हणेन की, पळून थोडीच जातेय ती!"

परवाना भिंतीवर लागलाय. म्हणायचं मात्र अजून राहिलंय.