वाळूची भाकर

खाटंला गाठ तशीच होती, पोरगी नव्हती. जुन्या लुगड्याची पट्टी लेकराच्या कमरेला, दुसरं टोक खाटंच्या पायाला, हे आमच्याकडं सगळ्याच बाया करतात. पट्टी होती, गाठ होती, पोरगी तेवढी निसटली होती. हौदात बघितलं, मोरीत बघितलं. पिठाच्या डब्यात पण बघितलं. तीन वर्षांची पोरगी त्यात मावत नाय, तरी बघितलं.

मी चिकलठाण्यात घरी बसून कंपनीचे रबरी वायसर साफ करते, कडंचं जादा रबर कातरायचं. पोरगी ते गिळंल म्हणून तिला बांधायची. ती रडायची नाय. बोलायची पण नाय. तीन वर्षांत एक शब्द नाय. अंगणवाडीच्या ताईनं इचारलं होतं, "घरी काय खेळती ही?"

"खेळत नाय ताई, लई शहाणी हाय."

"अगं बाई, खेळल्याबिगर बोलंल कशी? आन कुणाशी बोलंल, खाटंशी?"

मला राग आला होता. मी सातवी शिकलेली. लेकरू शाळंत गेल्यावर बोलतं, असा माझा हिशोब. रात्री मात्र झोप लागायची नाय, मुकीच राहिली तर?

घरात कुठंच नाय म्हणल्यावर अनवाणी पळाले. गल्लीच्या तोंडाला नव्या बिल्डिंगचं काम, तिथं वाळूचा ढीग. ढिगावर कामावरल्या बायांच्या तीन पोरी, आन मधी माझी. वाळूच्या भाकरी थापत होती. मी धरायला वाकले तर म्हणली, "थांब, करपंल."

मी थांबले.

मागून सासू आली, धापा टाकत. "उचल की गं! बघत काय बसलीस?"

"आत्याबाई, बोलली ती."

"काय बोलली?"

"थांब म्हणली."

"आईला थांब म्हणती? तुझ्यावरच गेली. उचल, ट्रक येतो इथं वाळू वतायला!"

मी ढिगावरल्या मोठ्या पोरीला इचारलं, ट्रक कधी येतो.

"येतो की, कधीबी," ती म्हणली आन पीठ मळायला लागली.

आता उचललं आन तिचं तोंड परत बंद झालं तर? नाय उचललं आन ट्रक आला तर? सासू मागून पदर ओढत होती. पोरीनं लिंबाच्या पाल्यावर भाकर ठिवली, माझ्या तोंडापुढं धरली.

"खा."

तुमी असता तर काय केलं असतं?