प्रायससाहेबांची शेवटची मॅच

दुबईत मी रग्बी एकदाच खेळलो आणि त्याच दिवशी निवृत्त झालो. तशी मागणी प्रेक्षकांमधूनच आली होती!

दोन हजार आठची मंदी आली तेव्हा आम्ही अल मनखूलला राहत होतो. टॉवर अर्धवट, क्रेन गप्प आणि ऑफिसात रोज कोणी ना कोणी टेबल आवरतंय. एके दिवशी आमच्या प्रायससाहेबांचाच नंबर लागला. साहेब वेल्सचे आणि रग्बीवेडे. आमच्या कंपनीच्या टीमचे तेच कोच. ही टीम शेजारच्या कंपनीकडून दरवर्षी इमानेइतबारे मार खायची. जाण्याआधी एकदा तरी जिंकायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण निम्मी टीम त्यांच्याआधीच विमानात बसलेली!

"कुलकर्णी, तू काही खेळलायस?"

"कबड्डी, सर. कॉलेजात. चढाईला मीच जायचो." (हे सांगायची गरज होती का? अजिबात नव्हती!)

साहेब खूश झाले आणि त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा कोळशाच्या खाणीत राबायचे आणि वेल्सकडून पंधरा जणांची रग्बी खेळायचे, तीही फुकट. पोरांची पोटं भरेनात, तेव्हा ते इंग्लंडच्या उत्तरेला जाऊन तेरा जणांची रग्बी खेळू लागले. तिथे पगार मिळायचा. झालं! पैशांसाठी खेळला म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं, क्लबने भिंतीवरचा फोटो उतरवला. आजोबांनी मात्र नवा खेळ गाजवला.

"खेळ बदलणाऱ्या माणसावर माझा विश्वास आहे," साहेब म्हणाले. "यल्ला, चल, फ्रायडेला सुट्टी आहे, मॅचला ये."

घरी बायको म्हणाली, "अहो, जिना चढताना धाप लागते तुम्हाला!"

"बाबा, डू यू इव्हन नो द रूल्स?" सईने, आमच्या लेकीने, विचारलं.

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

मैदान अल क्वोजच्या गोदामांमागे, सगळी वाळू. साहेबांनी मला एकच गोष्ट घोकून घेतली होती: चेंडू घेऊन समोरची रेषा ओलांडायची आणि तो जमिनीला टेकवायचा. शेवटची मिनिटं आली, बरोबरी होती आणि चेंडू नेमका माझ्या हातात आला. मी दम भरला. तोंडातून आपोआप "कबड्डी, कबड्डी" सुरू झालं. एकाला चकवलं. दुसऱ्याचा हात निसटता लागला. तिसऱ्याच्या खांद्याला मीच हात लावला (गुण का सोडा?). रेषा दोन हातांवर! साहेब कडेने ओरडत धावतायत! आणि तेवढ्यात अंगातला जुना कबड्डीपटू जागा झाला: गडी बाद केलेस, आता दम तुटायच्या आत आपल्या हद्दीत पळ! मी गर्रकन वळलो आणि सुसाट उलटा धावलो.

"बाबा, राँग वे! राँग वे!" आईबरोबर मॅच बघायला आलेली सई ओरडली.

"अहो, कुठे निघालात?"

मला कोणी अडवलंच नाही. सगळे हसण्यात गुंतले होते. मधली रेषा ओलांडून मी चेंडू खाली ठेवला आणि विजयाने दोन्ही हात वर केले. त्यांच्या एका गड्याने तो शांतपणे उचलला, आमच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला. खलास!

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच वाळूत बसून राहिले. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. त्या माणसाला जाताना एवढीशीच गोष्ट हवी होती आणि ती मी दोन हातांवरून परत आणली.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी सईकडून इंग्रजी माफी पाठ करून गेलो. साहेब खोकं घेऊन लिफ्टपाशी उभे होते. पाठ केलेला एक शब्द आठवेना. मग आपल्याला जे येतं तेच केलं: धावत गेलो आणि नमस्काराला थेट पायांशी वाकलो. साहेबांना एवढंच दिसलं, की कुलकर्णी वेगाने आपल्या घोट्यांवर येतोय. त्यांनी टुणकन लिफ्टमध्ये उडी मारली आणि दार बंद झालं. मी बाहेर पालथा.

माफी राहिली ती राहिलीच. साहेब तिकडे वेल्समध्ये सांगत असतील, "तो कुलकर्णी आयुष्यात एकदाच योग्य दिशेने धावला, तोही मला पाडायला!"